स्टिअरिंग बदलताना बटणे वाचतात, एअरबॅग वाचत नाही

कणकवलीहून कोल्हापूरला जायचे तर घाट चुकत नाही. फोंड्याहून दाजीपूरच्या दिशेने चढावे किंवा तळेऱ्याहून वैभववाडीमार्गे करूळ घाट धरून गगनबावडा गाठावा. दोन्ही वाटांवर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवावे लागते आणि आंधळ्या वळणावर अंगठा हॉर्नवरच असतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी पट्ट्यात हेच स्टिअरिंग बराच वेळ जवळजवळ स्थिर राहते. तेथे त्यावरील आवाजाची, फोनची किंवा वेग स्थिर ठेवणाऱ्या ‘क्रूझ कंट्रोल’ची बटणे अधिक उपयोगी पडतात.

मोटारीतील जी वस्तू चालकाच्या हातात सर्वाधिक वेळ असते, तीच बदलून अधिक देखणी, जाड पकडीची, चामड्याने मढवलेली किंवा शर्यतीच्या गाडीसारखी बसवावी, अशी हौस अनेकांना असते. चाक बदलायचे, पण हॉर्न, इंडिकेटर, आवाजाची बटणे आणि एअरबॅग ही मूळची सारी व्यवस्था जशीच्या तशी राहावी, अशी अपेक्षा त्यासोबत येते. ती कितपत पुरी होऊ शकते, हे आपली मोटार कोणत्या काळातील आहे यावर अवलंबून आहे. या मर्यादा गाडी उघडण्यापूर्वीच समजून घेतलेल्या बऱ्या.

एका तारेचा जमाना

मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी २००० साली बंद झाली. तिच्या स्टिअरिंगवर चालकाच्या ताब्यात होता तो केवळ हॉर्न. गिअरचा दांडा आणि इंडिकेटरची काडी ही दोन्ही स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेली असत. चाक काढले तरी ती जागीच राहात. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ची गोष्टही फारशी निराळी नव्हती. मधला नट सोडवा, चाक ओढून काढा, ‘बॉस’ नावाचा जोडतुकडा बसवा, त्यावर नवे चाक सहा स्क्रूंनी आवळा आणि हॉर्नची एक तार जोडा. अनुभवी मेस्त्रीला हे अर्ध्या तासाचे काम.

या हौसेचे मूळ इटलीत आहे. जियानपिएरो मोरेत्ती या शर्यतपटूने १९६४ मध्ये ‘मोमो’ ही कंपनी सुरू केली. त्याच वर्षी जॉन सर्टीस फेरारीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला. त्याच्या हाती मोमोचेच चाक होते आणि या नावाची कीर्ती जगभर पोहोचली. लाकडी कड्याच्या चाकांसाठी एन्रिको नार्डीचे नाव त्याआधीपासून प्रसिद्ध होते. या दोन नावांचा व्यावहारिक संबंध आजही टिकून आहे. मोमोच्या चाकाची सहा भोके ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात असतात, तर नार्डीची ७४ मिलिमीटरच्या. बॉस एका मापाचा आणि चाक दुसऱ्या मापाचे घेतल्यास स्क्रू बसत नाहीत. अशा वेळी भोके कानसून मोठी करण्याचा मोह होतो. स्टिअरिंगच्या बाबतीत तो कटाक्षाने टाळला पाहिजे.

पाठीमागची गुंडाळी

आजच्या मोटारीत चाकामागे एक चपटी, गोल, प्लॅस्टिकची डबी असते. गॅरेजमध्ये तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात, काही जण ‘स्पायरल केबल’. घड्याळाच्या कमानीप्रमाणे तिच्यात तारांची एक पातळ, चपटी फीत गुंडाळलेली असते. फितीचे एक टोक खांबाशी स्थिर असते, तर दुसरे चाकाबरोबर फिरते. चाक डावीकडे फिरवले की गुंडाळी सैल होते, उजवीकडे फिरवले की आवळते (काही मोटारींत हे उलट असते). हॉर्न, बटणे आणि एअरबॅग या सर्वांचा विद्युतसंबंध या एकाच फितीतून जातो.

या फितीला लांबीची मर्यादा आहे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन ते चार फेरे फिरते आणि फितीत त्याहून थोडेच अधिक फेरे राखलेले असतात. म्हणून ती बरोबर मध्यावर असतानाच चाक बसले पाहिजे. चाक काढल्यावर डबीचा मधला भाग मोकळा होतो. कोणी तो सहज म्हणून एक-दोन फेरे फिरवला आणि तसाच चाकाखाली बंद केला, तर गॅरेजच्या दारात सारे ठीक चालते. बाजारपेठेतही काही जाणवत नाही, कारण तेथे चाक पूर्ण टोकापर्यंत क्वचितच फिरते. घाटातील पहिल्या तीव्र वळणावर मात्र फीत ताणली जाऊन तुटते किंवा उलटी दुमडते. हॉर्न मुका होतो, बटणे निकामी होतात आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागतो. ‘वळणावर हॉर्न वाजवा’ हा फलक जेथे असतो, नेमके तेथेच हे घडण्याची शक्यता सर्वाधिक.

उपाय मात्र सोपा आहे. चाक काढण्यापूर्वी पुढची चाके सरळ करावीत, खांबाच्या दांड्यावर आणि चाकाच्या मध्यावर समोरासमोर खूण करावी आणि चाक निघताच डबीवर चिकटपट्टी लावून ती जागीच रोखावी. नवी डबी बसवायची असल्यास तिच्यावरील बाणाच्या खुणा जुळवाव्यात. मध्य हरवलाच, तर डबी हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवून निर्मात्याने सांगितले असतील तेवढे फेरे (पुष्कळ मोटारींत सुमारे अडीच) मागे आणावी लागते. जोर लावू नये.

सहा बटणे, दोन तारा

चाकावर सहा-आठ बटणे दिसली, तरी मागे तितक्या तारा नसतात. अनेक मोटारींत दोन-तीन ताराच पुरतात. प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या मूल्याचा रोधक असतो. बटण दाबले की तारेतील व्होल्टेज ठरावीक पातळीवर उतरते आणि त्या पातळीवरून म्युझिक सिस्टीमला कोणते बटण दाबले ते कळते. बटणांचा हा संच मूळ चाकापासून सुटा करून नव्या चाकाच्या आरीवर किंवा मागे लावलेल्या छोट्या पट्टीवर बसवता येतो. त्याचा मूळ कपलर क्लॉक स्प्रिंगच्या कपलरला जोडला की बटणे पूर्ववत चालतात. तारा कापाव्या लागल्याच, तर सांधा डाख देऊन आणि श्रिंक स्लीव्हने झाकून करावा. नुसत्या पीळ दिलेल्या तारेच्या सांध्यात रोध वाढतो. मग ‘आवाज वाढवा’ दाबले असता गाणे बदलते, असा चमत्कार घडतो.

म्युझिक सिस्टीमही बाहेरून घेतलेली असेल, तर तिच्या मागच्या जुडग्यात बहुधा ‘की-१’, ‘की-२’ आणि अर्थ अशा तीन तारा असतात. त्या जोडून सिस्टीमच्या सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून ओळख करून द्यावी लागते. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत रोधकांऐवजी चाकातच एक लहान इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि ती एका तारेवरून अंकी संदेश पाठवते. अशा ठिकाणी बटणांबरोबर ती पट्टीही हलवावी लागते. एखादे बटण सुटे करून दुसरीकडे लावता येत नाही.

हॉर्नबाबत एक चूक वारंवार होते. बहुतेक मोटारींत चाकावरील हॉर्नचे बटण केवळ रिलेला इशारा देते. प्रत्यक्ष भोंग्याचा जड प्रवाह वेगळ्या तारेतून जातो. नवा, मोठ्या आवाजाचा भोंगा बसवताना रिले वगळून त्याचा प्रवाह थेट चाकातून नेला, तर क्लॉक स्प्रिंगमधील केसासारखी फीत जळते. त्याच फितीशेजारून एअरबॅगची तार गेलेली असते, हे लक्षात घ्यावे.

इंडिकेटर आपोआप बंद होण्याची सोय हे मूळ नियंत्रणांपैकी सर्वांत दुर्लक्षित. वळण संपवून चाक सरळ झाले की काडी मागे येते, ती चाकाच्या किंवा क्लॉक स्प्रिंगच्या मागील बाजूस असलेल्या उंचवट्यांमुळे. स्वस्त बॉसवर हे उंचवटे नसतात. मग इंडिकेटर हाताने बंद करावा लागतो आणि तो विसरला की मागचा वाहनचालक चकतो.

पिवळा कपलर

एअरबॅगच्या तारा आणि कपलर ओळखता यावेत म्हणून ते बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. हौशी बदलाची खरी सीमारेषा हाच पिवळा कपलर.

चालकाची एअरबॅग ही चाकाच्या मध्यभागी घडी करून ठेवलेली पिशवी आणि ती फुगवणारे स्फोटक द्रव्य यांचा एकसंध संच आहे. धडकेनंतर सुमारे ३० ते ४० सहस्रांश सेकंदात, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, ती पूर्ण फुगते. पिशवीचा आकार, ती बाहेर पडण्याची दिशा, चाकाच्या आऱ्यांचा कणखरपणा आणि खांब आत दबण्याची क्षमता या सर्वांची एकत्रित चाचणी झालेली असते. बाजारातील शर्यतीच्या धाटणीच्या चाकात एअरबॅगला जागाच नसते. बटणे, हॉर्न, इंडिकेटर हे सारे कौशल्याने वाचवता येते. एअरबॅग वाचवण्याची युक्ती कोणत्याही मेस्त्रीकडे नाही.

एअरबॅग काढल्यावर डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागतो. तो विझवण्यासाठी पिवळ्या कपलरमध्ये एक छोटा रोधक अडकवण्याची प्रथा आहे. मोटारीच्या नियंत्रक यंत्रणेला त्यामुळे एअरबॅग जागेवर असल्याचा भास होतो आणि दिवा विझतो. ही फसवणूक यंत्राची होते, तशीच ती मोटार पुढे विकत घेणाऱ्याचीही होते. दिवा विझलेला पाहून तो निर्धास्त बसतो आणि त्याच्या छातीसमोर धातूचा बॉस असतो. दिवा तसाच जळत ठेवला तरी धोका संपत नाही. बिघाडाची नोंद होताच अनेक मोटारींतील यंत्रणा स्वतःला पूर्णपणे बंद करून घेते. मग शेजारच्या आसनाची एअरबॅग आणि अपघाताच्या क्षणी सीट बेल्ट आवळणारी यंत्रणाही काम करीत नाही. चालकाच्या हौसेची किंमत शेजारी बसलेल्यास मोजावी लागण्याचा हा प्रकार आहे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग बंधनकारक झाली. शेजारच्या आसनासाठी ती नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि चालू मॉडेलना त्याच वर्षाच्या अखेरीपासून लागू झाली. त्यामुळे त्यानंतरच्या कोणत्याही मोटारीत शर्यतीचे चाक बसवणे म्हणजे कायद्याने दिलेले संरक्षण उपटून काढणे होय.

जुन्या बाजारातील एअरबॅग स्वस्तात घेऊन बसवणे हाही मार्ग नव्हे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील द्रव्य उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडले, धातूचे तुकडे उडून जगभरात अनेकांचे प्राण गेले आणि कोट्यवधी मोटारी परत मागवाव्या लागल्या. उष्ण आणि दमट हवा म्हणजे काय, हे कोकणात कोणास सांगण्याची गरज नाही. बनावट एअरबॅगविषयी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०१२ मध्ये सार्वजनिक इशारा दिला होता. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील किंवा जुलै २०२१ च्या चिपळूणमधील पुरासारख्या आपत्तीत बुडालेल्या गाडीतून निघालेला संच बाहेरून चांगल्या संचासारखाच दिसतो, आणि आतली ओल डोळ्यांना दिसत नाही.

मग पर्याय कोणता?

सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतील गाडीचे मूळ चाक घेणे. एकाच मॉडेलच्या खालच्या व वरच्या श्रेणीत अनेकदा एअरबॅगचा संच एकच असतो. फरक चामड्याचे आवरण, बटणे आणि क्लॉक स्प्रिंग एवढ्यापुरता राहतो. अशा वेळी चाक, बटणांचा संच आणि वरच्या श्रेणीची क्लॉक स्प्रिंग एवढेच विकत घेऊन आपल्या गाडीची स्वतःची एअरबॅग त्यात बसवता येते. त्यासाठी दोन्ही एअरबॅगचे सुट्या भागांचे क्रमांक अधिकृत विक्रेत्याकडून ताडून घ्यावेत. आकार सारखा आहे म्हणून संच सारखा आहे, असे मानू नये. काही संच एका टप्प्यात फुगतात, काही दोन, आणि त्यांचे कपलर वेगळे असतात.

खालच्या श्रेणीच्या गाडीत क्लॉक स्प्रिंगपासून म्युझिक सिस्टीमपर्यंतच्या तारा कधी कधी मुळातच टाकलेल्या नसतात. त्या नव्याने ओढाव्या लागतात. चाक घेण्यापूर्वी खांबाचे प्लॅस्टिक आवरण उघडून कपलरमध्ये किती पिना भरलेल्या आहेत हे पाहिले, तर पुढचा मनस्ताप टळतो. एवढी खटपट नको असेल, तर मूळ चाकावरच चामड्याचे आवरण हाताने शिवून घेणे उत्तम. बाजारात चिकटवण्याची बिनतारी बटणेही मिळतात. ती कड्यावर लावावीत. मधल्या झाकणावर काहीही चिकटवू नये, कारण एअरबॅग तेच झाकण फाडून बाहेर येते. शेजारच्या आसनापुढे डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीच्या मूर्तीलाही हाच नियम लागू होतो. श्रद्धा कायम ठेवून मूर्तीची जागा तेवढी बदलावी.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी आणि मग थांबावे. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठवून ठेवणारा भाग असतो, तो रिकामा होण्यास वेळ लागतो. काही निर्माते दीड मिनिट सांगतात, काही तीन. दहा मिनिटे थांबल्याने कोणाचे नुकसान होत नाही. एअरबॅगचा संच काढल्यावर तो झाकणाची बाजू वर ठेवूनच मेजावर ठेवावा. उपडा ठेवलेला संच फुगला, तर तो उडतो. त्याच्या तारांना मल्टिमीटर लावून ‘तपासून’ पाहण्याचे धाडस करू नये.

मधला नट सैल केल्यावर लगेच काढू नये, दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा. घट्ट बसलेले चाक हिसका देऊन ओढताना ते एकदम सुटते आणि काढणाऱ्याच्या तोंडावर आपटते. हातोडीचे ठोके खांबावर मारू नयेत. अपघातात दबण्यासाठी तो मुद्दाम नाजूक केलेला असतो. त्यासाठी पुलर वापरावा. बसवताना नट टॉर्क पान्याने आवळावा. अनेक छोट्या मोटारींत हा टॉर्क ३० ते ५० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावा. घसरण रोखणारी ‘ईएससी’ यंत्रणा असलेल्या मोटारीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर क्लॉक स्प्रिंगलाच जोडलेला असू शकतो. मग स्कॅनर जोडून त्याचे शून्य पुन्हा ठरवावे लागते. ज्या गॅरेजकडे स्कॅनर नाही, तेथे अशी गाडी उघडू नये.

एअरबॅग नसलेल्या जुन्या मोटारीवर बॉस आणि नवे चाक बसवणाऱ्यांनी मापाचा विचार करावा. मूळ चाक ३८० मिलिमीटरचे आणि नवे ३५० चे असेल, तर तेवढेच वळण घेण्यास हाताला सुमारे साडेआठ टक्के अधिक जोर लागतो. ३२० चे घेतल्यास जवळपास १९ टक्के. पॉवर स्टिअरिंग नसलेली मारुती ८०० लहान चाकाने करूळ घाट चढवताना हा हिशोब दंडात जाणवतो. लहान चाकाचे कडे वेगमापकाच्या आडही येऊ शकते. बॉसमुळे चाक काही इंच चालकाकडे सरकते, म्हणून आसन मागे घ्यावे लागते. बॉस घेताना दाबला जाणारा, जाळीदार अंगाचा घ्यावा. भरीव धातूचा बॉस धडकेत दबत नाही.

सिंधुदुर्गाच्या हवेचा एक स्वतंत्र मुद्दा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि किनाऱ्याकडची खारी हवा यांमुळे उघडे तांब्याचे सांधे हिरवे पडतात. पावसाळ्यात गाडी चार दिवस बंद राहिली की चामड्यावर बुरशीची पांढुरकी पूड दिसते. सांधे झाकलेले असावेत, चामडे कोरड्या फडक्याने पुसावे. मुंबईत वर्षानुवर्षे टिकणारे सुती आवरण येथे एका पावसात आंबूस वास मारू लागते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील, असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ अधिक कठोरपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणी प्रमाणपत्रात स्टिअरिंगच्या चाकाचा उल्लेख नसतो, त्यामुळे चामड्याचे आवरण किंवा त्याच मॉडेलचे वरच्या श्रेणीचे चाक यावर सहसा प्रश्न उपस्थित होत नाही. बंधनकारक एअरबॅग काढून टाकण्याचे समर्थन मात्र कोणत्याही वाचनाने होत नाही. शंका असल्यास ओरोस येथील परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडलेला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

काम पूर्ण झाल्यावर गाडी थेट रस्त्यावर काढू नये. मोकळ्या मैदानात चाक दोन्ही टोकांपर्यंत तीन-चार वेळा सावकाश फिरवावे. प्रत्येक टोकाला हॉर्न वाजवून पाहावा, एकेक बटण दाबावे, इंडिकेटर आपोआप परततो का ते पाहावे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तरी काही तरी चुकले आहे असे समजावे. आठवडाभराने नटावरील टॉर्क पुन्हा एकदा तपासावा. काढलेले मूळ चाक भंगारात देऊ नये. कोरड्या कापडात गुंडाळून ते माळ्यावर ठेवावे. गाडी विकताना घेणारा त्याची चौकशी करतोच.